उष्णतेची लाट कोडमध्ये कशी उतरवायची: टाऊवाल्या उष्णतावहनाचं न्यूमेरिकल मॉडेलिंग

फोरियरचा १८२२ चा नियम आपण सगळ्यांनी शिकलेला असतो. उष्णतेचा प्रवाह तापमानाच्या उताराच्या प्रमाणात असतो एवढंच तो सांगतो, आणि रोजच्या जवळजवळ सगळ्या कामांना तो पुरतोही. पण त्यातून जे समीकरण निघतं त्यात एक गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे सळईच्या एका टोकाला आत्ता चटका दिला की गणितानुसार दुसऱ्या टोकाचं तापमान त्याच क्षणी वाढतं, अगदी नगण्य का असेना पण शून्य नाही. म्हणजे उष्णतेचा वेग अमर्याद. एक मिनिटाचं गणित असेल तर याने काहीही बिघडत नाही, पण काही पिकोसेकंदांचा लेसर पल्स किंवा अतिथंड क्रिस्टल असा विषय आला की बिघडतं, आणि मग मर्यादित वेगाचं मॉडेल लागतं.

मॅक्सवेलने १८६७ मध्येच वायूंच्या सिद्धांतात असं जास्तीचं पद काढलं होतं आणि लहान म्हणून सोडून दिलं. पुढे कॅटानिओने १९४८ मध्ये ते नीट मांडलं, १९५८ मध्ये कॅटानिओ आणि व्हर्नोट दोघांनी स्वतंत्रपणे त्यावर लिहिलं, म्हणून नाव कॅटानिओ-व्हर्नोट. कल्पना साधी आहे, उतार तयार झाल्यावर प्रवाह लगेच सुरू होत नाही, त्याला टाऊ एवढा वेळ लागतो. शब्दांत लिहायचं तर:

टाऊ × (प्रवाहाचा काळानुसार बदल) + प्रवाह = − के × (तापमानाचा उतार)

रो × सी × (तापमानाचा काळानुसार बदल) = − (प्रवाहाचा उतार)

यात के म्हणजे उष्णतावाहकता, रो म्हणजे घनता आणि सी म्हणजे विशिष्ट उष्णता. दुसरी ओळ ऊर्जा टिकते एवढंच सांगते, ती फोरियरमध्येही हीच होती. फरक फक्त पहिल्या ओळीत आहे. यातून लाटेचा वेग निघतो √(अल्फा ÷ टाऊ), इथे अल्फा म्हणजे के ÷ (रो × सी), आणि लाटेबरोबर विरत जाणारा भागही राहतो, म्हणजे लाट पुढे जाता जाता मरत जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, कारण मी बघितलेल्या बहुतेक गडबडी इथूनच सुरू होतात. पुस्तकात लगेच पुढच्या पानावर या दोन ओळी एकत्र करून तापमानाचं एकच दुसऱ्या क्रमाचं समीकरण केलेलं असतं (टेलिग्राफ समीकरण), आणि दिसायला ते इतकं सुटसुटीत असतं की सगळे तेच कोडमध्ये घालायला घेतात. घालू नका. तापमान आणि प्रवाह हे दोन वेगळे अज्ञात म्हणून शेवटपर्यंत ठेवा. का ते पुढे बाउंड्री (टोकांच्या अटी) आणि सोर्स (आत निर्माण होणारी उष्णता) यांच्या वेळी कळेल.

आधी हे मॉडेल लागतंय का ते बघा

कोड लिहायच्या आधी पाच मिनिटं कागदावर घालवा. टाऊ किती आणि तुम्हाला किती वेळाचं उत्तर हवंय याचा भागाकार करा. अर्ध-अनंत पदार्थाच्या (एकाच बाजूला पृष्ठभाग, आत अमर्याद खोल) पृष्ठभागाचं तापमान एकदम वाढवलं तर पृष्ठभागावरून आत जाणारा प्रवाह दोन्ही मॉडेलमध्ये अचूक काढता येतो, त्यामुळे तुलना सोपी आहे. १० टाऊ एवढा वेळ गेल्यावर कॅटानिओचा प्रवाह फोरियरपेक्षा जेमतेम ३ टक्के जास्त असतो. २ टाऊला मात्र तो साधारण १७ टक्के जास्त असतो, आणि शून्य वेळेला तर फोरियर म्हणतो प्रवाह अनंत आणि कॅटानिओ म्हणतो ठरावीक. म्हणजे तुमचा प्रश्न काही टाऊंच्या आतला असेल तरच हा सगळा खटाटोप, शंभर टाऊ नंतरचं उत्तर हवं असेल तर फोरियर वापरा आणि वेळ वाचवा.

आकडा डोळ्यासमोर येण्यासाठी ॲल्युमिनियम घ्या. अल्फा साधारण ९.७ × १०⁻⁵ चौरस मीटर प्रति सेकंद, आणि टाऊ १० पिकोसेकंद धरू (धातूंचा टाऊ पिकोसेकंदांच्या आसपासच धरतात). वेग येतो सुमारे ३१०० मीटर प्रति सेकंद आणि लाट एका टाऊमध्ये जेवढं अंतर कापते ते ३१ नॅनोमीटर. हिशेबासाठी पदार्थाचे जे लहान तुकडे पाडतो त्या ग्रिडचं एक घर याच्याहून बरंच लहान हवं. म्हणजे मिलिमीटरभर जाड पत्रा सेकंदभर चालवायचा विचार सुद्धा करू नका, स्टेप मोजत बसाल.

टाऊ कुठून घेताय याचीही काळजी घ्या. उष्णतेची लाट खरी असते यात शंका नाही, पेशकोव्हने १९४४ मध्ये अतिप्रवाही हेलियममध्ये ती मोजली, १.४ केल्व्हिनला वेग १९ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, तिला सेकंड साउंड म्हणतात. नंतर घन हेलियममध्ये १९६६ ला, सोडियम फ्लोराईडमध्ये १९७० ला, बिस्मथमध्ये १९७२ ला आणि ग्राफाइटमध्ये तर २०१९ ला १०० केल्व्हिनच्या वर दिसली. पण १९९० च्या दशकात वाळू, प्रक्रिया केलेलं मांस अशा पदार्थांना १०–२० सेकंदांचे टाऊ असल्याचे प्रयोग छापून आले, आणि नंतर दुसऱ्यांनी तसेच प्रयोग केले तेव्हा फोरियरच पुरला. ते मोठे टाऊ आजही कुठल्या कुठल्या मॉडेलमध्ये उचलून घातलेले दिसतात, फार वाईट वाटतं, कारण कोड कितीही नीट लिहिला तरी इनपुटच संशयास्पद. फेमटोसेकंद लेसर आणि धातू असा विषय असेल तर इलेक्ट्रॉनचं तापमान वेगळं आणि अणूंच्या जाळीचं वेगळं असं दोन तापमानांचं मॉडेल जास्त बरोबर बसतं, ते इथे घेत नाही.

एकके काढून टाका

नॅनोमीटर आणि पिकोसेकंद घेऊन कोड लिहायला बसलात तर १०⁻¹² चे आकडे डोळ्यासमोर नाचतील आणि चूक सापडणार नाही. म्हणून वेळ टाऊमध्ये मोजा, अंतर √(अल्फा × टाऊ) मध्ये मोजा, तापमान ० ते १ मध्ये आणा, आणि प्रवाहाला (रो × सी × लाटेचा वेग × तापमानाचा फरक) याने भागा. हे केलं की सगळे गुणक गायब होतात आणि उरतं एवढंच:

तापमानाचा बदल = − प्रवाहाचा उतार

प्रवाहाचा बदल = − तापमानाचा उतार − प्रवाह

लाटेचा वेग १. तिचा पुढचा कडा, म्हणजे फ्रंट, वेळ २ ला अंतर २ वर असलाच पाहिजे, नसेल तर कोड चुकलाय, इतकं सरळ.

सगळ्यात सोपी आणि तरी चांगली स्कीम

तापमान नोडवर (ग्रिडच्या बिंदूंवर) ठेवा, प्रवाह दोन नोडच्या मधोमध ठेवा, आणि वेळेतही प्रवाह अर्धी स्टेप पुढे-मागे ठेवा. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सवाले यीची स्कीम म्हणून १९६६ पासून हेच वापरतात, तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र, इथे तापमान आणि प्रवाह. प्रवाहाच्या ओळीतलं ते विरवणारं पद (− प्रवाह) जुन्या आणि नव्या किमतीची सरासरी म्हणून घ्यायचं, म्हणजे स्थिरता बिघडत नाही. टाइम स्टेप भागिले स्पेस स्टेप (एका घराची रुंदी) याला आर म्हणू (कूरांट नंबर). मग:

नवा प्रवाह = [ (१ − टाइम स्टेप ÷ २) × जुना प्रवाह − आर × (उजवं तापमान − डावं तापमान) ] ÷ (१ + टाइम स्टेप ÷ २)

नवं तापमान = जुनं तापमान − आर × (उजवा प्रवाह − डावा प्रवाह)

आधी सगळे प्रवाह, मग सगळी तापमानं, परत प्रवाह. आर १ पेक्षा जास्त झाला की उत्तर फुटणार, म्हणजे आकडे बेफाम वाढत जाणार. एकमितीत तर आर बरोबर १ ठेवा, कारण तेव्हा लाट एका स्टेपमध्ये बरोबर एक घर सरकते आणि कडा अजिबात पसरत नाही. सवयीने सुरक्षित म्हणून ०.५ ठेवतात बरेच जण, इथे तीच सवय नडते, ०.५ ला फ्रंटच्या मागे लहरी उठतात.

हे हाताने करून बघा, खरंच करा, मी नवीन माणसाला नेहमी हेच पहिल्यांदा करायला लावतो. दोन्ही स्टेप ०.१, डावं टोक एकदम १, बाकी सगळं ०. विरवण्याचे गुणक झाले ०.९५ आणि १.०५. पहिल्या स्टेपला पहिल्या घराचा प्रवाह १ ÷ १.०५ = ०.९५२४, म्हणून पहिल्या नोडचं तापमान ०.९५२४, बाकी सगळे नोड शून्यच. दुसऱ्या स्टेपला पहिल्या घरात (०.९५ × ०.९५२४ + ०.०४७६) ÷ १.०५ = ०.९०७० आणि दुसऱ्या घरात ०.९५२४ ÷ १.०५ म्हणजे पुन्हा ०.९०७०. दोन्ही प्रवाह सारखे, म्हणून पहिला नोड जागचा हलत नाही, दुसरा ०.९०७० होतो. तिसऱ्या स्टेपला पहिला नोड ०.९५४५, दुसरा ०.९०७०, तिसरा ०.८६३८. चौथ्या नोडला अजून पत्ताच नाही की डावीकडे काही झालंय. बघा, मर्यादित वेग म्हणजे काय ते या तीन ओळींत हाताला लागतं.

आणि फ्रंटची उंची प्रत्येक स्टेपला १.०५ ने भागली जातेय. अचूक उत्तर आहे ई (२.७१८) च्या घातात (− वेळ ÷ २), म्हणजे वेळ १ ला ०.६०६५. आपली स्कीम १० स्टेपनंतर ०.६१३९ देते, चूक साधारण सव्वा टक्का, आणि ती सुद्धा दहाच घरांत. स्टेप ०.०१ केली तर वेळ २ ला ०.३६८८ येतं, खरं ०.३६७९. एवढ्या साध्या स्कीमकडून आणखी काय पाहिजे.

पृष्ठभागावरचा प्रवाहही तपासा, त्याचं अचूक उत्तर ई चा घात (− वेळ ÷ २) गुणिले शून्य क्रमाचं मॉडिफाइड बेसेल फंक्शन (वेळ ÷ २). वेळ १ ला ०.६४५०, वेळ २ ला ०.४६५८. प्रवाह अर्धी स्टेप मागे असतो हे लक्षात ठेवून तुलना करा, नाहीतर उगाच चूक दिसेल.

बाउंड्री, आणि एकच समीकरण का घ्यायचं नाही

तापमान दिलेलं असेल तर टोकाच्या नोडला ते घालायचं, विषय संपला. इन्सुलेटेड टोक असेल तर बाहेरचा प्रवाह शून्य, पण शेवटच्या नोडकडे अर्धंच घर असतं हे विसरू नका, म्हणून तिथे नवं तापमान = जुनं + २ × आर × आत येणारा प्रवाह. तो २ लिहायचा राहून गेला तर ऊर्जा गळते आणि लक्षातही येत नाही.

प्रवाह दिलेला असेल तर आपल्या पद्धतीत तो थेट टोकाच्या अर्ध्या घरात घालायचा. इथेच एका समीकरणवाल्यांची फसगत होते. त्यांच्याकडे प्रवाह नावाची गोष्टच उरलेली नसते, म्हणून ते सवयीने (− के × तापमानाचा उतार = दिलेला प्रवाह) असं फोरियरचं लिहून मोकळे होतात. पण या मॉडेलमध्ये उतार आणि प्रवाह यांचं नातं बदललेलं आहे! तसं लिहिलं की प्रत्यक्षात आत जाणारा प्रवाह एकदम सुरू न होता (१ − ई चा घात (− वेळ)) असा हळूहळू चढतो, आणि मग फ्रंटचा कडाच गायब होतो, गुळगुळीत चढ दिसतो. ग्राफ छान दिसतो म्हणून कोणाला शंका येत नाही. ज्या गोष्टीसाठी हे मॉडेल घेतलं तीच गोष्ट बाउंड्रीवर मारली गेली.

सोर्सचंही तसंच. आतमध्ये उष्णता निर्माण होत असेल तर दोन समीकरणांत ती फक्त ऊर्जेच्या ओळीत मिळवायची. एकच समीकरण केलं तर सोर्ससोबत (टाऊ × सोर्सचा काळानुसार बदल) असं आणखी एक पद येतं. मी स्वतः हे पद विसरलो होतो, पल्स एक टाऊ लांबीचा होता, एकसारख्या तीव्रतेचा, आणि पल्स संपताना तापमानात दिसणारी ऊर्जा घातलेल्या ऊर्जेच्या फक्त ३७ टक्के येत होती. ग्रिड बदललं, स्टेप बदलली, आकडा हलेना. शेवटी कागदावर सरासरी तापमानाचं समीकरण सोडवलं तेव्हा तो आकडा १ ÷ ई निघाला आणि डोक्यात प्रकाश पडला. वाईट भाग असा की खूप वेळ चालवलं तर ऊर्जा बरोबर जुळते, म्हणजे शेवटचंच चित्र बघणाऱ्याला ही चूक कधीच सापडणार नाही. त्या दिवसापासून दर काही स्टेपला ऊर्जेचा हिशेब छापतो: सगळ्या नोडच्या तापमानांची बेरीज (टोकांना अर्धं वजन) गुणिले स्पेस स्टेप, वजा आत आलेली आणि निर्माण झालेली उष्णता. प्रवाह दिलेल्या किंवा इन्सुलेटेड टोकांना हा हिशेब शून्याशी राउंड-ऑफपर्यंत (कॉम्प्युटरच्या शेवटच्या दशांशापर्यंत) जुळला पाहिजे. १०⁻⁴ आलं तर "चालतंय" म्हणू नका, ती चूकच आहे.

सुरुवातीच्या अटीही दोन लागतात, तापमान आणि प्रवाह. प्रवाहाबद्दल काही माहीत नसेल तर शून्य घ्या, पण सुरुवातीला तापमानाला उतार असेल आणि सगळं स्थिर अवस्थेत असेल तर प्रवाह शून्य घेणं चूक, तिथे फोरियरचा प्रवाह घाला. नाहीतर पहिल्याच क्षणी खोटी लाट सुटते.

१ च्या वर गेलेलं तापमान: चूक की खरं

यावर जरा थांबतो कारण इथे चांगले चांगले लोक गोंधळतात.

लांबी १ ची पट्टी, डावं टोक १ ला ठेवलं, उजवं इन्सुलेटेड. फ्रंट वेळ १ ला उजव्या टोकाला पोचतो तेव्हा त्याची उंची ०.६०६५. भिंतीवर लाट परतते आणि तिथे उंची दुप्पट होते, २ × ०.६०६५ = १.२१३. म्हणजे बाहेरून दिलेल्या तापमानापेक्षा आतलं तापमान जास्त! पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरून कोडमध्ये चूक शोधायला लागतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तापमान १ ला कापून टाकणारी ओळ घालतो. चूक नाहीये ती. मॉडेलचं अचूक उत्तरच तसं आहे. फोरियरमध्ये "कमाल तापमान बाउंड्रीवर किंवा सुरुवातीलाच असतं" हा नियम असतो, तो इथे लागू होत नाही. निसर्गात त्या पदार्थात खरंच असं होतं का हा वेगळा प्रश्न, आणि तो विचारायलाच हवा, पण मॉडेल सोडवणाऱ्या कोडने मॉडेलचं उत्तर द्यायला हवं. आपली दहा घरांची स्कीम इथे १.२२८ देते, म्हणजे बरोबर वाटेवर आहे.

दुसरीकडे आर १ पेक्षा कमी ठेवला किंवा मॅककॉर्मॅकसारखी दुसऱ्या क्रमाची स्कीम (घर अर्धं केलं की चूक एक-चतुर्थांश होते अशी) वापरली (१९८५ च्या सुमाराला या समीकरणासाठी तीच जोरात होती) तर फ्रंटच्या मागेपुढे ज्या बारीक लहरी येतात त्या मात्र शंभर टक्के ग्रिडच्या. मग ओळखायचं कसं? घर अर्धं करा. ग्रिडच्या लहरींची रुंदी घराबरोबर अर्धी होते, त्या कड्याला आणखी चिकटतात, उंची मात्र फारशी कमी होत नाही. खरी वाढ जागच्या जागी राहते आणि तिचा आकडा एका किमतीकडे जातो. दोन ग्राफ एकावर एक टाकले की पाच सेकंदात कळतं, पण ते दोन ग्राफ टाकायचे कष्ट घ्यायला हवेत.

आर १ ठेवता येत नसेल तेव्हा

पदार्थाचे गुणधर्म जागेनुसार किंवा तापमानानुसार बदलत असतील, किंवा द्विमिती-त्रिमिती असेल, तर सगळीकडे आर १ जमत नाही. समान घरांच्या द्विमितीत वरची मर्यादाच १ ÷ √२ म्हणजे ०.७०७ होते, त्रिमितीत १ ÷ √३ म्हणजे ०.५७७. मग लहरी येणारच, आणि लिमिटर, म्हणजे लहरी उठू नयेत म्हणून घरातला उतार कापणारा नियम, वापरायला लागतो.

त्यासाठी तापमान आणि प्रवाह दोन्ही घराच्या मध्यावर ठेवा. (तापमान + प्रवाह) ही बेरीज उजवीकडे जाते आणि (तापमान − प्रवाह) ही वजाबाकी डावीकडे जाते, हे या समीकरणांचं सगळ्यात सुंदर रूप आहे, दोन लाटा एकमेकांतून जातात आणि विरवणारं पद त्यांना थोडं थोडं मिसळत राहतं. त्यामुळे दोन घरांच्या सीमेवरचा प्रवाह असा निघतो:

सीमेवरचा प्रवाह = (डावा प्रवाह + उजवा प्रवाह) ÷ २ − (उजवं तापमान − डावं तापमान) ÷ २

सीमेवरचं तापमान = (डावं तापमान + उजवं तापमान) ÷ २ − (उजवा प्रवाह − डावा प्रवाह) ÷ २

विरवणारं पद वेगळं सोडवा. आधी प्रवाहाला ई च्या (− टाइम स्टेप ÷ २) घाताने गुणा, मग पूर्ण स्टेप लाट पुढे न्या, मग परत त्याच घाताने गुणा. हे गुणणं अचूक असतं, त्यामुळे टाऊ लहान असला तरी या भागातून काही फुटत नाही.

नुसत्या घराच्या किमती वापरल्या तर ही स्कीम पहिल्या क्रमाची, कधी लहरी देत नाही पण कडा फार पसरवते. किती पसरवते त्याचा हिशेब करून ठेवा: टाइम स्टेप लहान असेल तर ग्रिड स्वतःहून (स्पेस स्टेप ÷ २) एवढं डिफ्यूजन (पसरणं) आणतं, आणि आपल्या एककांत खरं डिफ्यूजन १ आहे. म्हणजे घर ०.१ असेल तर ५ टक्के जास्त, आणि घर २ एवढं मोठं घेतलं तर डिफ्यूजन थेट दुप्पट. तेव्हा दिसणारी उष्णता पदार्थाची नसते, ग्रिडची असते. म्हणून आधी ॲल्युमिनियमच्या वेळी ३१ नॅनोमीटरचा आकडा काढला होता, घर त्याच्या विसाव्या भागाच्या आसपास ठेवा.

दुसऱ्या क्रमासाठी प्रत्येक घरात उतार धरून सीमेपर्यंत किंमत न्यायची आणि उताराला लिमिटर लावायचा. हा उतार बेरजेला आणि वजाबाकीला वेगवेगळा लावा, तापमान-प्रवाहाला थेट नको, थेट लावला तर परतणाऱ्या लाटेजवळ छोटे खड्डे पडतात. लिमिटर कोणता? मिनमॉड सगळ्यात सुरक्षित पण कडा बोथट करतो. सुपरबी कडा धारदार ठेवतो पण गोल पल्सलाही चौकोनी करून टाकतो, ते बघून फसू नका. मी बहुतेक वेळा व्हॅन लीरचा वापरतो.

क्रम तपासताना कड्यावर तपासू नका. तुटक उत्तर असेल तर पहिल्या क्रमाची स्कीम अर्ध्या क्रमाने आणि दुसऱ्या क्रमाची दोन-तृतीयांश क्रमाने सुधारते, आणि लोकांना वाटतं कोड चुकला. गुळगुळीत उत्तर घ्या. दोन्ही टोकं इन्सुलेटेड, लांबी १, सुरुवातीचं तापमान कोसाइन (पाय × अंतर), प्रवाह शून्य. अचूक उत्तर: कोसाइन (पाय × अंतर) × ई चा घात (− वेळ ÷ २) × [ कोसाइन (ओमेगा × वेळ) + ०.१६१२ × साइन (ओमेगा × वेळ) ], ओमेगा = √(पाय वर्ग − ०.२५) = ३.१०१५. घर अर्धं केलं की चूक एक-चतुर्थांश झाली पाहिजे. लिमिटर शिखरावर थोडा कापतो म्हणून तिथे जरा कमी सुधारणा दिसेल, लिमिटर बंद करून एकदा बघा म्हणजे खात्री पटते.

द्विमितीत एक सावधगिरी. मध्यभागी एक गरम ठिपका ठेवून सोडला तर लाट गेल्यावर मागे तापमान सुरुवातीच्या खाली जाऊ शकतं, हे सुद्धा मॉडेलचंच वागणं आहे, एकमितीत असा ठिपका (प्रवाह शून्य ठेवून) सोडला तर होत नाही म्हणून द्विमितीत पहिल्यांदा दिसलं की दचकायला होतं. वर सांगितलेली घर अर्धं करायची परीक्षा इथेही लावा. पण ठिपका काही घरांएवढा रुंद आणि कडेला गुळगुळीत ठेवा, एकाच घरात सगळी उष्णता घातली तर ग्रिडच्या चार दिशा लाटेत उमटतात, गोल लाट चौकोनी दिसायला लागते.

पायथनमध्ये लिहित असाल तर नोडवर लूप फिरवू नका, नमपायच्या ॲरेचे तुकडे एकमेकांतून वजा करा, पहिल्या सोप्या स्कीमच्या दोन ओळी अक्षरशः दोन ओळींतच बसतात. फक्त त्या स्कीममध्ये प्रवाहाचा ॲरे तापमानाच्या ॲरेपेक्षा एकने लहान ठेवा, म्हणजे कोण कुठे आहे याचा गोंधळ होत नाही. शेवटी एकके परत लावताना वेळेला टाऊने, अंतराला √(अल्फा × टाऊ) ने गुणा, आणि ग्राफच्या खाली टाऊची किंमत व ती कुठून घेतली ते लिहा, कारण वाचणारा पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.